मुरगळ म्हणून सोडलेले मनगट : स्कॅफॉइडच्या एका अस्थिभंगाचे प्रकरण

जुलै महिन्यातल्या त्या केसपेपरवर माझ्याच अक्षरातल्या तीन ओळी आहेत : दुचाकीवरून घसरून पडला, उजव्या मनगटाला सूज, हालचालीत वेदना, एक्स-रेमध्ये अस्थिभंग नाही, मनगट मुरगळले आहे. त्याखाली वेदनाशामक गोळ्या, क्रेप बँडेज आणि ‘दुखल्यास पुन्हा दाखवणे’ एवढाच सल्ला लिहिलेला आहे. पुढच्या भेटीची तारीख लिहिण्याची जागा कोरी आहे. पुढे जे आठ महिने वाया गेले आणि जी शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांचे मूळ त्या कोऱ्या जागेत असल्यामुळे हे प्रकरण मी तिथूनच लिहायला घेतले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

रुग्ण पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका खेड्यातला, २१ वर्षांचा, उजव्या हाताने काम करणारा, बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण होता. या भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते आणि ७.२६० किलो वजनाचा गोळा फेकावा लागतो. एकूण ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे असतात. ही माहिती पहिल्या दिवशी मी विचारली नव्हती. ज्याच्या हाताला इजा झाली आहे तो माणूस त्या हाताने नेमके काय करतो, हा प्रश्न तपासणीत पहिल्या पाच प्रश्नांत यायला हवा, तो मला आठ महिन्यांनी सुचला.

आदल्या संध्याकाळी शेतातून रस्त्यावर आलेल्या चिखलावरून त्याची दुचाकी घसरली होती. वेग फार नव्हता. तोल सावरताना उजवा तळहात पुढे आला, रस्त्यावर टेकला आणि मनगट मागे मुडपून अंगाचा सगळा भार त्यावर पडला. तळहाताला खरचटले होते, अंगठ्याच्या बाजूला मनगट थोडे सुजले होते, पण बोटे हलत होती आणि मनगटही बऱ्यापैकी वळत होते. ‘हाड मोडलं असतं तर हात हललाच नसता,’ असे सोबत आलेल्या त्याच्या मामांचे म्हणणे होते. हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की रुग्ण स्वतःच स्वतःचे निदान करून येतो आणि डॉक्टरकडून केवळ त्याला दुजोरा मागतो. दंडाचे किंवा कोपराखालचे हाड मोडले तर हा समज बऱ्याच अंशी खराही ठरतो, मात्र मनगटातल्या लहान हाडांना तो लागू पडत नाही.

मी मनगट तपासले, म्हणजे मुख्यतः रेडियस या कोपराखालच्या, अंगठ्याकडच्या हाडाचे खालचे टोक दाबून पाहिले, कारण तळहातावर पडलेल्या माणसात सर्वाधिक वेळा तेच मोडते. तिथे वेदना नव्हती. समोरून एक आणि बाजूने एक असे दोन एक्स-रे काढले, ते स्वच्छ दिसले. पावसाळ्यातली गर्दीची ओपीडी होती, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही, कारण जी एक गोष्ट करायची राहिली तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

अंगठा ताठ करून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, ताणल्या जातात आणि त्यांच्यामध्ये एक त्रिकोणी खळगी उमटते. तपकीर ओढणारे लोक चिमूटभर तपकीर याच खळगीत ठेवून नाकाशी नेत, म्हणून शरीररचनाशास्त्रात तिला तपकिरीच्या डबीचे नाव मिळाले. या खळगीच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचे हाड असते. पडल्यानंतर या खळगीत बोटाने दाबल्यावर दुखले, तळहाताच्या बाजूने अंगठ्याच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या याच हाडाच्या उंचवट्यावर दुखले, किंवा अंगठा त्याच्या रेषेत मनगटाकडे दाबल्यावर दुखले, तर एक्स-रे काहीही सांगो, स्कॅफॉइड मोडले आहे असे समजून उपचार सुरू करायचे असतात. यांपैकी एकट्या खळगीतल्या वेदनेवर भिस्त ठेवली तर अनेक निव्वळ मुरगळींनाही प्लास्टर बसते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्यांना प्लास्टरची गरज नव्हती अशा दहाजणांना दोन आठवडे ते वागवावे लागणे आणि ज्याला गरज होती त्या एकाला न मिळणे, या दोन चुकांचे वजन सारखे नाही.

आठांतले एक

खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एका बाजूला ३२ हाडे असतात : गळ्याखालचे आडवे हाड, पाठीवरचा खवाटा, दंडाचे हाड, कोपराखालची दोन, मनगटातली आठ, तळहातातली पाच आणि बोटांतली चौदा. खांदा हाताला दिशा देतो, कोपर अंतर ठरवते, कोपराखालची दोन हाडे तळहात उपडा किंवा उताणा करतात आणि शेवटची बारीक जुळवाजुळव मनगट करते. मनगटाची आठ हाडे चार-चारांच्या दोन ओळींत बसलेली असतात. कोपराकडच्या ओळीत स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम आणि पिसिफॉर्म, तर बोटांकडच्या ओळीत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. वरच्या ओळीतले पिसिफॉर्म सोडले तर बाकीच्या तीन हाडांना एकही कंडरा थेट जोडलेली नसते. ही हाडे स्वतःहून हलत नाहीत. आजूबाजूची हाडे आणि अस्थिबंध त्यांना जसे ढकलतील तशी ती सरकतात. या दोन ओळींना एकमेकींशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे स्कॅफॉइड. एका होडीसारख्या आकारामुळे त्याला ग्रीक भाषेतून हे नाव पडले. ते तिरके बसलेले असते, एकटे पाच हाडांना भिडते आणि दोन ओळींमध्ये पुलासारखे टेकलेले असल्यामुळे मनगट जोराने मागे वाकले की मोडण्याचा पहिला धोका त्यालाच असतो. मनगट साधारण ९५ अंशांच्या पलीकडे मागे मुडपले की त्याचे कोपराकडचे टोक रेडियस आणि अस्थिबंध यांच्यात अडकून बसते, बोटांकडचे टोक मात्र खालच्या ओळीबरोबर मागे जात राहते आणि हाड मधल्या बारीक भागात, ज्याला त्याची कंबर म्हणतात, तिथे तडकते. मनगटातल्या लहान हाडांच्या एकूण अस्थिभंगांपैकी निम्म्याहून बरेच अधिक याच एका हाडाचे असतात.

येथे वयाचा भाग लक्षात घ्यावा लागतो. जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेची असतात; त्यात एकामागून एक हाड तयार होत जाते आणि स्कॅफॉइडची पाळी साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी येते. त्यामुळे तळहातावर पडलेल्या लहान मुलाच्या कोपराजवळचे किंवा कोपराखालचे हाड मोडते, विशी-पंचविशीतल्या तरुणाचे स्कॅफॉइड मोडते आणि साठीतल्या बाईचे रेडियसचे टोक मोडते. पडण्याची तऱ्हा एकच असली तरी जोर वयाप्रमाणे वेगळ्या जागी अडतो. माझ्यासमोर २१ वर्षांचा मुलगा बसला होता आणि मी साठीतल्या बाईचे मनगट तपासल्यासारखे त्याचे मनगट तपासले.

हे हाड मोडणे जितके सोपे, तितके ते जुळणे अवघड असते. त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे पाऊणपेक्षा अधिक भाग सांध्याच्या कूर्चेने झाकलेला असतो. कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, त्यामुळे हाडाला रक्त पोचवायला फार थोडी जागा उरते. रिचर्ड गेल्बरमन आणि जय मेनन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हे चित्र स्पष्ट झाले : हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाला आणि कोपराकडच्या संपूर्ण टोकाला मिळणारे रक्त रेडियल धमनीच्या ज्या फांद्यांतून येते, त्या हाडाच्या मागच्या बाजूच्या कंगोऱ्यावरून, म्हणजे कंबरेच्या आसपास आत शिरतात आणि तिथून उलट दिशेने कोपराकडे जातात. उरलेले २० ते ३० टक्के रक्त बोटांकडच्या टोकाला तळहाताच्या बाजूने मिळते. म्हणजे कंबर मोडली की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठाच तुटण्याची शक्यता असते. शिवाय या हाडाच्या कूर्चा असलेल्या भागावर अस्थिवेष्टन नसते. मांडीचे हाड मोडल्यावर त्याभोवती जसा नव्या हाडाचा गोळा धरतो, तसा इथे धरत नाही. मोडलेली दोन टोके एकमेकांना घट्ट टेकून, हालचाल न होता राहिली तरच ती आतून जुळतात, आणि त्यांच्यामध्ये सांध्यातले वंगण शिरत राहिले तर तेही होत नाही.

पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत हा तडा दिसेलच असे नसते. तुकडे सरकलेले नसतील तर फट केसाएवढी असते, हाड तिरके असते आणि नेहमीच्या दोन चित्रांत ते आखूड होऊन दिसते. मनगट करंगळीकडे वळवून काढलेले खास चित्र घेतले तर हाड लांब उलगडते आणि फट दिसण्याची शक्यता वाढते. दहा ते चौदा दिवसांनी फटीच्या कडांवरचे हाड थोडे विरघळते आणि फट रुंद होते, म्हणून त्या सुमारास पुन्हा एक्स-रे काढतात. एमआरआय मात्र पहिल्या एक-दोन दिवसांतच तडा दाखवतो. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर व्हिल्हेल्म राँटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी काढलेले प्रसिद्ध चित्र त्यांच्या पत्नीच्या हाताचेच होते. हाताची हाडे दाखवूनच ज्या तंत्राची जगभर ओळख झाली, त्याच तंत्राला हातातले हे एक हाड आजही चकवते.

मधले आठ महिने

पाचव्या दिवशी सूज उतरली नाही म्हणून घरच्यांनी त्याला शेजारच्या गावातल्या हाडे बसवणाऱ्या गृहस्थांकडे नेले. त्यांनी तेल लावून मनगट चोळले, अंगठा दोनदा झटका देऊन ओढला, हळदीचा लेप देऊन कापडाने बांधले आणि नऊ दिवस रोज हे केले. हे ऐकून शहरातले वाचक हाडवैद्याला दोष देतील, पण माझा कागद त्यांच्या हाती होता आणि त्या कागदावर हाड मोडलेले नाही असे लिहिलेले होते. मोडलेल्या हाडाला त्यांनी झटके दिले खरे. परंतु हाड मोडले आहे हे त्यांना कळायचे कोणाकडून?

दिवाळीपर्यंत रोजच्या कामातली वेदना जवळजवळ थांबली. स्कॅफॉइडच्या न जुळलेल्या अस्थिभंगात असे नेहमी होते आणि इथेच फसगत होते, कारण दोन तुकड्यांमध्ये तंतुमय ऊती तयार होते, तिच्यावर थोडीफार हालचाल निभावते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. त्याने मैदानावर जायला सुरुवात केली. धावण्यात काही अडचण नव्हती. जोर मारताना तळहात टेकला की मनगटात कळ येई, म्हणून तो मुठीवर जोर मारू लागला. मुठीवर मनगट सरळ राहते, मागे वाकत नाही. शरीराने स्वतःच शोधलेली ही पळवाट निदानाला पुरेशी होती, पण ती पाहणाऱ्या प्रशिक्षकाला तो ताकदीचा दिखावा वाटला. गोळा खांद्यावरून सुटण्याच्या शेवटच्या क्षणी, जिथे मनगट मागून पुढे फटकारते, तिथे मात्र पळवाट नव्हती. त्याचा गोळा पूर्वीपेक्षा सव्वा-दीड मीटर अलीकडे पडू लागला आणि संध्याकाळी मनगट जड पडू लागले. मार्चमध्ये तो वडिलांबरोबर परत आला आणि तोच केसपेपर माझ्यासमोर ठेवला.

मार्चमधली तपासणी

खळगीत दाबल्यावर तो दचकला, इतकेच. जुनाट प्रकरणात याहून अधिक दुखत नाही. मनगट मागे ४८ अंश वळत होते, डावे ७२. पुढे ६० अंश, डावे ७५. पकडीची ताकद उजवीकडे २९ किलो आणि डावीकडे ४३ किलो भरली. मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याकडे किंचित भरीवपणा होता.

या वेळी चार दिशांनी एक्स-रे काढले. कंबरेतून गेलेली फट उघड दिसत होती, तिच्या कडा पांढऱ्या आणि गुळगुळीत झालेल्या होत्या, शेजारी हाड विरघळून एक पोकळी तयार झाली होती आणि कोपराकडचा तुकडा बाकीच्या हाडांपेक्षा अधिक पांढरा दिसत होता. हा पांढरेपणा अनेकांना बुचकळ्यात टाकतो. मेलेले हाड घट्ट का दिसावे? त्याचे उत्तर असे की वापर कमी झाल्यामुळे आसपासच्या जिवंत हाडांतला कॅल्शियम रक्ताबरोबर निघून जातो आणि ती फिकट पडतात. ज्या तुकड्याला रक्तच मिळत नाही त्यातून काही निघूनही जात नाही, म्हणून तो तुलनेने पांढरा राहतो. तरीही केवळ या खुणेवरून तुकडा मेला असे ठरवता येत नाही. एमआरआयमध्ये त्या तुकड्यातल्या मज्जेची चमक कमी झालेली होती, पण पूर्ण गेलेली नव्हती.

सीटी स्कॅन स्कॅफॉइडच्या लांबीच्या रेषेत घेतला. त्यात दुसरी, अधिक गंभीर गोष्ट समोर आली. मोडलेले हाड पुढच्या बाजूला खचून मधोमध वाकले होते आणि त्याच्या पाठीला उंटासारखे कुबड आले होते. या हाडाच्या दोन टोकांमधला कोन निरोगी माणसात ३५ अंशांच्या आत असतो, इथे तो ४८ होता. दुवा आखूड झाल्यामुळे शेजारचे ल्युनेट मागे कलले होते. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यातला कोन ३० ते ६० अंश असायला हवा, तो ७२ होता. म्हणजे एक हाड मोडून राहिल्यामुळे वरची सगळी ओळ आपली जागा सोडू लागली होती. असे मनगट तसेच सोडले तर झीज ठरावीक क्रमाने होते : आधी रेडियसच्या अंगठ्याकडच्या टोकाशी, मग स्कॅफॉइड व कॅपिटेट यांच्यामध्ये आणि शेवटी कॅपिटेट व ल्युनेट यांच्यामध्ये, रेडियस आणि ल्युनेट यांच्यामधला सांधा मात्र बराच काळ शाबूत राहतो. बहुतेक रुग्णांत पाच ते दहा वर्षांत ही झीज एक्स-रेत दिसू लागते. या मुलाच्या रेडियसच्या टोकाला एक बारीक अणकुची फुटायला लागली होती, कूर्चा मात्र अजून टिकून होती. दुरुस्तीची वेळ गेली नव्हती.

वडील शांतपणे ऐकत होते. पहिल्या दिवशी नीट बघितले असते तर, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की जुलैमध्ये हे ओळखून प्लास्टर घातले असते तर दहापैकी नऊ वेळा अशी हाडे शस्त्रक्रियेशिवाय जुळतात, आणि ते ओळखायचे काम माझे होते. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही. ते शेतकरी होते, म्हणून हाडाचा रक्तपुरवठा मी त्यांना पाटाच्या पाण्यावरून समजावला : पाणी मध्यावर सोडले आहे, ते एका अंगाला टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतापर्यंत जाते आणि मधला बांध फुटला की टेलचे शेत कोरडे पडते. ‘मग टेलच्या शेताला पाणी द्यायचं कसं?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारला, आणि शस्त्रक्रियेची पुढची सगळी चर्चा त्या प्रश्नाभोवतीच झाली.

शस्त्रक्रियेचा निर्णय

लहान शहरात राहून काम करताना सगळे आपणच करावे असा मोह होतो. हाताच्या शस्त्रक्रियांचा विशेष अनुभव असलेल्या, मोठ्या शहरातल्या एका सहकाऱ्याकडे त्याला पाठवायचे मी ठरवले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मदतनीस म्हणून उभा राहिलो.

समोर तीन वाटा होत्या. पहिली, काहीही न करता वेदना सहन होईल तितके काम करायचे; पन्नाशीतल्या, हलके काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती विचारात घेता आली असती. दुसरी, रक्तवाहिनीसकट रेडियसचा तुकडा उचलून स्कॅफॉइडमध्ये बसवायचा. कार्लोस झायडेंबर्ग यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही पद्धत कोपराकडचा तुकडा खरोखर मेला असेल तेव्हा उपयोगी पडते, पण ती मागच्या बाजूने करावी लागते आणि पुढे खचलेले हाड मागून उभे करणे कठीण जाते. तिसरी, पुढून जाऊन, खचलेल्या जागेत रुग्णाच्या स्वतःच्या कमरेतून काढलेल्या हाडाची पाचर बसवून हाडाची लांबी परत मिळवायची आणि ते स्क्रूने आवळायचे. आमच्या मते मुलाचा खरा प्रश्न कुबडाचा होता आणि तुकड्यात थोडा तरी जीव असण्याची शक्यता एमआरआयने शिल्लक ठेवली होती, म्हणून तिसरी वाट निवडली. पुढून जाण्याचा आणखी एक फायदा असा की मागच्या कंगोऱ्यावरून येणाऱ्या, उरल्यासुरल्या रक्तवाहिन्यांना हात लागत नाही.

एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. तळहाताच्या बाजूने मनगट उघडल्यावर फटीत पिवळट, चिवट ऊती भरलेली दिसली. ती खरवडून काढली आणि दोन्ही बाजूंचे हाड ताज्या, खडबडीत पृष्ठभागापर्यंत कोरले. त्यानंतर रक्त थांबवण्यासाठी दंडावर आवळलेला पट्टा सैल केला. या घटकेला चित्रे, अहवाल आणि मते बाजूला पडतात. हाड जिवंत आहे की नाही हे त्यातून रक्ताचे ठिपके उमटतात की नाही यावरून कळते, आणि याहून भरवशाची चाचणी अजून नाही. बोटांकडचा तुकडा लगेच लाल झाला. कोपराकडच्या तुकड्याला वेळ लागला. मग एक ठिपका आला, त्याच्याशेजारी दुसरा, आणि थोड्या वेळाने कोरलेला भाग पातळसा ओला झाला. भरपूर म्हणता येईल असे ते रक्त नव्हते. पण पुरेसे होते.

कललेल्या ल्युनेटला सरळ करून तात्पुरत्या तारेने धरले, त्यामुळे फट पुढच्या बाजूला पाचरीच्या आकारात उघडली. कमरेच्या हाडाच्या कडेचा नेमका तेवढा तुकडा कापून त्यात बसवला आणि हाडाच्या आरपार २२ मिलिमीटर लांबीचा बिनडोक्याचा स्क्रू घातला. ऑस्ट्रेलियातले शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांनी हा स्क्रू विकसित केला आणि १९८४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती सोपी आणि देखणी आहे : दोन्ही टोकांना आटे असतात, पण पुढच्या टोकाच्या आट्यांमधले अंतर मागच्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पुढचे टोक मागच्यापेक्षा अधिक पुढे सरकते आणि दोन तुकडे आपोआप एकमेकांकडे ओढले जातात. डोके नसल्यामुळे सगळा स्क्रू कूर्चेच्या खाली गडप होतो आणि सांध्यात काही टोचत नाही.

शस्त्रक्रियेच्या खर्चाने घरात उसनवारी झाली. त्या वर्षीची भरतीही हुकली. उपचार यशस्वी झाल्याच्या नोंदीत या दोन गोष्टी सहसा येत नाहीत.

या ठिकाणी एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक वाटतो. ब्रिटनमधल्या ३१ रुग्णालयांत ४३९ प्रौढ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरेतून मोडलेल्या, पण २ मिलिमीटरपेक्षा अधिक न सरकलेल्या ताज्या अस्थिभंगात लगेच स्क्रू घालणे आणि आधी प्लास्टर घालून न जुळल्यास त्वरित स्क्रू घालणे, यांची तुलना त्यात केली होती, आणि वर्षअखेरीस रुग्णांच्या वेदनेत व कामात लक्षणीय फरक आढळला नाही. ताज्या अस्थिभंगात प्रत्येकाला स्क्रू घालण्याची जी ओढ अलीकडे वाढली आहे, तिला हा निष्कर्ष लगाम घालतो. मात्र ‘न जुळल्यास त्वरित’ या शब्दांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. प्लास्टरचा मार्ग सुरक्षित ठरतो तो ठरल्या दिवशी रुग्णाला परत बोलावून, चित्र काढून, हाड धरले की नाही हे पाहणारे कोणीतरी असते म्हणून. आमच्याकडे रुग्ण परत येणे हे एसटीच्या वेळा, लावणी-कापणी आणि त्या दिवशी दुखते की नाही यांवर अवलंबून असते.

हाड धरले तेव्हा

आठ आठवडे प्लास्टर आणि पुढे चार आठवडे काढता-घालता येणारी पट्टी, असा क्रम ठेवला. त्याला तंबाखू मळण्याची सवय होती. धूम्रपान करणाऱ्यांत हे हाड जुळण्याचे प्रमाण कमी होते हे सर्वज्ञात आहे आणि निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते; तंबाखू तोंडात धरली तरी निकोटीन रक्तातच जाते, एवढे सांगून ती थांबवायला लावली. ती त्याने किती थांबवली हे मी विचारत राहिलो आणि तो मान हलवत राहिला.

तेराव्या आठवड्यात सीटी केला, कारण साध्या एक्स-रेवरून हे हाड जुळले असे म्हणणाऱ्या दोन डॉक्टरांचे अनेकदा एकमेकांशीच जुळत नाही. छेदाच्या निम्म्याहून अधिक भागात हाडाचे पूल तयार झालेले दिसले. पाचर दोन्ही बाजूंनी धरली होती. दोन टोकांमधला कोन ३१ अंशांवर आला होता.

त्यानंतरचा व्यायाम कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच बहुतेकांकडून अर्धवट राहतो. सुरुवातीला हातोडीने खिळा ठोकताना मनगट ज्या तिरक्या रेषेत जाते, म्हणजे अंगठ्याकडे मागे आणि करंगळीकडे पुढे, तेवढीच हालचाल करायला सांगितली. ती मुख्यतः दोन ओळींच्या मधल्या सांध्यात होते आणि वरच्या ओळीवर तिचा ताण कमी पडतो. पाचव्या महिन्यात हलकी वजने, सातव्या महिन्यात भिंतीला तळहात टेकून जोर, आणि नवव्या महिन्यात पुन्हा सीटी करून सगळे हाड सलग झाल्याची खात्री पटल्यावर गोळा. पहिले पंधरा दिवस ५ किलोचा, मग पूर्ण वजनाचा.

माझ्या ओपीडीत दोन बदल झाले. तळहातावर पडून आलेल्या १५ ते ४० वयाच्या प्रत्येकाच्या केसपेपरवर आता ‘खळगी’ असा एक शब्द असतो आणि त्यापुढे दुखते की नाही याची खूण. दुखत असल्यास एक्स-रे स्वच्छ असूनही मनगटाला प्लास्टरचा अर्धा साचा घालून बाराव्या दिवसाची तारीख लिहिली जाते. दुसरे म्हणजे त्या तारखेला न आलेल्यांना संध्याकाळी फोन जातो. कंपाउंडरला हे काम आवडत नाही, कारण बहुतेक जण ‘आता दुखत नाही’ असे सांगून फोन ठेवतात आणि त्याला पुन्हा लावावा लागतो.

शेवटच्या तपासणीच्या वेळी शस्त्रक्रियेला एक वर्ष आणि दोन महिने झाले होते. मनगट मागे ६१ अंश वळत होते, पुढे ६८; पकड ४० किलो. डाव्याइतके ते झालेले नाही आणि होणारही नाही. स्कॅफॉइड व ल्युनेट यांच्यातला कोन ५७ अंशांवर स्थिर आहे, स्क्रू जागेवर आहे आणि तो काढण्याचे कारण नाही. रेडियसच्या टोकाची ती अणकुची मात्र अजून आहे. वाढलेली नाही, गेलेलीही नाही. तळहात टेकून वीस जोर मारता येतात, असे सांगून त्याने ते तपासणीच्या खोलीतच, टेबल आणि वजनकाट्याच्या मधल्या जागेत, काढून दाखवले. पुढची तारीख एक वर्षानंतरची आहे. ती केसपेपरवर लिहिली आहे आणि त्याच्या वडिलांच्या मोबाइलमध्येही.